स्प्रे-बाटलीचं चाइल्ड लॉक : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

"बाबा, बघ, पाऊस!"

ही हाक ऐकली आणि मी हातातलं काम टाकून धावलो. अडीच वर्षांची लेक बाथरूमच्या दारात फतकल मारून बसली होती. मांडीत काच पुसायच्या क्लीनरची बाटली, समोरच्या दारावरून निळसर ओघळ खाली येत होते आणि ती दोन्ही हातांनी ट्रिगर दाबत होती. लॉक असलेलीच बाटली. सकाळी आरसा पुसून झाल्यावर ती मी स्वतः बंद केली होती आणि नोझलवरची खूण त्या क्षणीसुद्धा 'बंद'वरच होती.

डोळ्यांत काही गेलं नव्हतं. बाहीवर थोडं उडालं होतं, तेवढा फ्रॉक काढला, हात कोपरापर्यंत धुतले, चेहऱ्यावरून पाणी फिरवलं. ती पाच मिनिटांत खेळायला गेली. मला मात्र संध्याकाळपर्यंत काही सुचत नव्हतं, कारण त्याच फळीवर, त्याच कंपनीचं तसलंच हेड, म्हणजे ट्रिगर आणि नोझलचा वरचा भाग, लावलेली ब्लीचची बाटली होती. काचेच्या क्लीनरऐवजी तिच्या हाती ती लागली असती तर?

हे हेड मी घेतलं तेव्हा त्याचं मला फार कौतुक होतं. नोझलच्या दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या आहेत, त्या चिमटीत दाबून धरल्याशिवाय नोझल फिरतच नाही. बंदवर आणलं की आत खटका बसतो आणि स्वच्छ 'टक' असा आवाज येतो. पहिल्या महिन्यात तो आवाज इतका खात्रीचा होता की मी बाटलीकडे न बघता कानाने बंद करायचो. लहान मुलं असलेल्या दोन-तीन घरांत आवर्जून सुचवलंही. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

त्या दिवशी रात्री हेड सुटं करून दिव्याखाली धरलं. नोझलच्या मागच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा एक दात असतो, तो समोरच्या खाचेत उतरला की लॉक लागतं. त्या खाचेत पांढरट, चिवट थर साचला होता. दर वेळी फवारा मारून झाला की नोझलच्या तोंडाशी थेंबभर द्रव उरतो, तो मागे झिरपतो, पाणी उडून जातं आणि बाकीचं तिथेच बसतं. चार महिन्यांत खाच निम्मी भरली होती. दात अर्ध्यावरच अडकत होता. पाकळ्या न दाबताही नोझल किंचित मागे सरकत होतं आणि तेवढ्या फटीतून फवारा येत होता. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसत होतं. मग आठवायला लागलं की तो 'टक' शेवटचा कधी ऐकला होता? मला आठवेना. बहुधा कित्येक आठवडे तो आवाज येतच नव्हता आणि माझं लक्ष नव्हतं.

पुढचं बरंच काही त्या खटक्याबद्दलच आहे, कारण माझ्या मते या वस्तूत विकत घेण्यासारखं तेवढंच आहे. फवारा बारीक पडतो का, ट्रिगर हाताला मऊ आहे का, हे सगळं साध्या हेडमध्येही मिळतं. जास्तीचे पैसे आपण देतो ते 'आता बंद आहे' या खात्रीसाठी. ती खात्री देणारी खूण मात्र पांढऱ्या प्लास्टिकवर पांढरीच, नुसती उठावाची अक्षरं. कमी उजेडाच्या बाथरूममध्ये ती बोट फिरवूनच कळते. एक लाल ठिपका दिला असता तरी चाललं असतं.

ट्रिगर ओढायला जोर लागतो, लहान मुलाला तो कसा जमेल, असं मलाही वाटायचं. लेकीला झाडांवर पाणी मारायची बाटली हाताळताना नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. आपण मान मुठीत धरून दोन बोटांनी ट्रिगर ओढतो. तिच्या मुठीत मान मावत नाही. म्हणून ती बाटली उलटी फिरवते, पोटाशी टेकवते आणि दोन्ही अंगठे ट्रिगरवर ठेवून ढकलते. दोन अंगठ्यांचा जोर भरपूर होतो. आणि त्या पकडीत नोझल असतं थेट तिच्या तोंडाकडे. पाऊस दारावर पडला, कारण त्या दिवशी बाटली मांडीत आडवी होती. तिचं नशीब, माझी काळजी त्यात कुठेच नव्हती. झाडांची बाटलीही मी तेव्हापासून वर ठेवली आहे. स्प्रे म्हणजे खेळ असं आपणच शिकवायचं आणि दुसऱ्या बाटलीला हात लावला की ओरडायचं, हे त्या वयाला कळणार कसं?

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांच्या १९९० ते २००६ या काळातल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१० मध्ये 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना घरातल्या सफाईच्या द्रव्यांमुळे झालेल्या इजांचा तो हिशेब. या १७ वर्षांत एकूण इजा ४६ टक्क्यांनी कमी झाल्या, पण स्प्रे-बाटल्यांमुळे होणाऱ्या कमी झाल्या नाहीत. ज्या भांड्यांतून इजा झाली त्यांत स्प्रे-बाटली सर्वांत वर होती, सुमारे ४० टक्के. द्रव्यांमध्ये ब्लीच पहिलं, ३७ टक्के. झाकणं सुधारत गेली आणि ट्रिगर तसाच राहिला, असा मी त्याचा अर्थ लावतो. बाटलीच्या झाकणाला फिरवून उघडायचं कसब लागतं, ट्रिगरला लागत नाही. तो उघडाच असतो, नुसता दाबायचा.

डोळ्यांत गेलंच तर काय करायचं, हे आमच्या घरात आता फळीच्या दारावर आतून लिहून चिकटवलं आहे. चोळायचं नाही, नळाच्या साध्या कोमट पाण्याने सलग १५ ते २० मिनिटं डोळा धुवायचा आणि बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जायचं. मूल रडतं, हातपाय झाडतं, दोन मिनिटांत आपलाच धीर सुटतो. म्हणून घड्याळ बघायचं. ओव्हन किंवा ड्रेन साफ करायच्या द्रवासारखे तीव्र अल्कली तर डोळ्याच्या आत शिरत जातात, तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

कंपनीला फोटोसकट कळवलं. पहिलं उत्तर आलं की मूळ द्रव संपल्यावर रिफिल भरल्यामुळे तक्रार ग्राह्य नाही. रिफिलची पिशवी त्याच कंपनीची, त्याच नावाची! मी तिचाही फोटो पाठवला. मग उत्तर बदललं, 'प्रत्येक वापरानंतर नोझल धुवावं' असं आलं. ही सूचना बाटलीवर कुठे छापली आहे, असं विचारलं त्याला उत्तर नाही. तीन फोन आणि अकरा दिवसांनंतर नवं हेड आलं, त्यासोबत दिलगिरीचा एक छापील कागद. माझं म्हणणं नव्या हेडबद्दल नव्हतंच. मुलाच्या सुरक्षिततेच्या नावाखाली विकलेली वस्तू साबणाच्या थराने निकामी होत असेल, तर ते बाटलीवर मोठ्या अक्षरांत हवं. आज नऊ महिन्यांनीही ते नाही.

एवढं लिहून मी दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. पण नवं हेड वापरताना दर रविवारी नोझल काढून वाटीभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायला लागलो, जुन्या टूथब्रशने खाच घासायला लागलो आणि पाच महिने झाले तरी 'टक' पहिल्या दिवसासारखा वाजतो आहे. म्हणजे रचना वाईट नाही. ब्लीचच्या बाटलीचं हेड मात्र मी आठवड्यातून दोनदा धुतो, कारण ब्लीच सुकलं की मीठ मागे उरतं आणि खाच लवकर भरते. धुताना हातमोजे, आणि दोन बाटल्यांची नोझलं एका वाटीत कधीच नाहीत. ब्लीचमध्ये अॅसिडवाला टॉयलेट क्लीनर मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. थेंबाथेंबाचा प्रश्न आहे हे मान्य, पण सवय नको.

आता आईचं. तिच्या बोटांची पेरं सुजतात, दोन पाकळ्या एकाच वेळी चिमटीत दाबणं तिला सकाळी जमत नाही. दोन दिवस तिने मला हाका मारल्या, तिसऱ्या दिवसापासून बाटली उघडीच ठेवायला लागली. "तू ऑफिसला गेल्यावर मी कुणाला बोलावू?" म्हणाली. मी काय बोलणार! हा तिचा हट्ट नव्हे. मुलांना उघडता येऊ नयेत अशा बाटल्यांच्या अमेरिकी चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना बाटली देतात. पाच मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये, उघडून दाखवल्यावर आणखी पाच मिनिटांत किमान ८० टक्क्यांना. १९९५ मध्ये या चाचणीच्या मोठ्या माणसांच्या भागात ५० ते ७० वर्षांच्या लोकांना आणलं, ते याच कारणाने. मोठ्यांना जे उघडता येत नाही ते उघडं राहतं.

पण त्या चाचणीत मुलाच्या हाती जाणारी बाटली नीट बंद केलेली असते, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. घरात ती बंद करणारा माणूस ओल्या हाताने, दाराची बेल वाजत असताना, भाजी गॅसवर असताना ती बंद करतो. सिगारेटच्या लायटरला अमेरिकेत १९९४ पासून वेगळी अट आहे: प्रत्येक वापरानंतर त्याचं लॉक आपोआप पुन्हा लागलं पाहिजे. माणसाच्या लक्षात राहील यावर तिथे काहीच सोडलेलं नाही. ब्लीचच्या ट्रिगरला हीच अट का नसावी, हे मला नऊ महिने विचार करूनही कळलेलं नाही.

म्हणून मध्यंतरी दुसरे प्रकारही आणून पाहिले. ट्रिगरच्या मागे अडकवायची प्लास्टिकची पाचर स्वस्त, पण ती काढून कुठेतरी ठेवावी लागते आणि दुसऱ्याच आठवड्यात हरवली. शिवाय ट्रिगर अडवला तरी आख्खं हेड फिरवून निघतंच. दुसरं एक हेड मिळालं त्यात मागे अंगठ्याने दाबून धरायचं बटण आहे. अंगठा उचलला की ट्रिगर पुन्हा अडतो. मुलीच्या दोन्ही अंगठ्यांची पकड इथे फसते, कारण बटण आणि ट्रिगर विरुद्ध बाजूंना आहेत. रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत पाणी भरून तिच्या हाती दिली, दहा मिनिटं झटली आणि कंटाळून टाकून गेली. आईला बटण जमतं, चिमटीपेक्षा एका अंगठ्याचा जोर तिला सोपा जातो. फवारा जरा जाड पडतो, आरशावर ओघळ येतात. त्याची मला पर्वा नाही.

हेड सुटं घेणार असाल तर बाटलीचे आटे बघून घ्या. मान २८ मिलिमीटरची असली तरी २८/४०० आणि २८/४१० असे दोन प्रकार असतात, एकाचा आटा एक फेरा, दुसऱ्याचा दीड. चुकीचं हेड बसल्यासारखं वाटतं आणि बाटली आडवी झाली की मानेतून गळतं. माझं पहिलं असंच वाया गेलं.

सध्या ब्लीचवर अंगठ्याच्या बटणाचं हेड आहे आणि ती बाटली माझ्या डोक्याच्या वरच्या फळीवर. काचेच्या क्लीनरवर जुन्याच कंपनीचं पाकळ्यांचं हेड चालू आहे, तीन तारे. काल संध्याकाळी आरसा पुसून झाल्यावर नोझल फिरवलं तर लेक बाहेरून ओरडली, "बाबा, टक झालं!"