खाडीकाठच्या फुलपाखरासाठी दुर्बीण: पेंटॅक्स पॅपिलिओ २

ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीवर जाणारे बहुतेक जण फ्लेमिंगोंसाठी दुर्बीण घेतात, आणि त्या कामाला पेंटॅक्सची 6.5 × 21 मापाची ‘पॅपिलिओ २’ घेऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. 21 मि.मी.च्या भिंगातून पहाटे पुरेसा प्रकाश आत येत नाही आणि दूर चिखलात चरणारे पक्षी साडेसहा पटींत लहानच दिसतात. या दुर्बिणीची खरी कसोटी लागते ती कांदळवनाच्या जमिनीकडील कडेला, पिलूच्या झुडपांपाशी, कारण ती अवघ्या अर्ध्या मीटरवरच्या वस्तूवरही फोकस होते.

‘सॅल्मन अरब’ हे काळ्या किनारीचे गुलाबी-नारिंगी फुलपाखरू आपल्याकडे मुख्यतः पिलूवरच अंडी घालते, त्यामुळे खारट जमिनीत तगणारे हे झुडूप जिथे नाही तिथे ते शोधण्यात फारसा अर्थ नसतो. फांदी जरा हलली की पानावर बसलेली मादी उडते. मात्र पॅपिलिओ लावून फांदीला हात न लावता पाहिले, तर पुंजक्यातले एकेक उभे अंडे सुटे दिसते आणि हिरव्या अळ्या एकमेकींना खेटून पानाची कड कुरतडताना स्पष्ट दिसतात. साध्या दुर्बिणीत इतक्या जवळून दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसू लागतात. हिच्यात जवळचा फोकस साधताना पुढची भिंगे एकमेकांकडे सरकतात, म्हणून चित्र एकच राहते. फोकसचे चाक मात्र बरेच फिरवावे लागते आणि उडते फुलपाखरू हातचे निसटते. शिवाय ती जलरोधक नाही.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले, 2022 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला आणि कांदळवनाभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्याला उच्च न्यायालयाच्या आदेशाचे संरक्षण आहे. तरीही राडारोडा येऊन पडतो तो याच कोरड्या कडेला, आणि ‘रानटी झुडूप’ म्हणून आधी तोडला जातो तो पिलूच. कोणत्या झुडपावर अंडी आहेत, हे झुडपात न शिरता टिपून वनखात्याच्या कांदळवन कक्षाला छायाचित्रासह कळवणाऱ्याला ही दुर्बीण फार उपयोगी पडेल. पक्षी आणि फुलपाखरे दोन्हींसाठी एकच घ्यायची असेल, तर 8 × 42 मापाची पाहावी.