शाळेसमोर उंचावलेलं क्रॉसिंग की बटणाचा सिग्नल?

दोन्ही उपाय चांगलेच, पण शाळेच्या फाटकासमोर मी आधी उंचावलेलं क्रॉसिंग मागेन. यात झेब्रा पट्टे फूटपाथच्या पातळीला, साधारण 10 सेंटिमीटर वर उचललेले असतात. चढ आला की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. वीज लागत नाही, रात्रंदिवस काम चालू. वेगाचं गणित इथे निर्णायक आहे: चालकाला सावध व्हायला एक सेकंद धरला, तर ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत 27-28 मीटर पुढे जाते, ताशी 30 ची सुमारे 13 मीटरमध्ये थांबते. उभ्या गाडीच्या बॉनेटमागून पहिली-दुसरीतलं पोर अचानक बाहेर येतं, तेव्हा हाच फरक जीव वाचवतो. म्हणूनच क्रॉसिंगच्या अलीकडे पार्किंग बंद हवंच, उपाय कुठलाही निवडा. पावसाचं पाणी अडणार नाही हेही आधी बघावं लागतं.

बटणाच्या सिग्नलला, म्हणजे पादचाऱ्याने बटण दाबलं की गाड्या थांबवून त्याला हिरवा दिवा देणाऱ्या सिग्नलला, खर्च आणि देखभाल जास्त. शिवाय हिरवा दिवा उशिरा लागला की मुलं कंटाळून तशीच पळतात, आणि लाल दिवा तोडणाऱ्याला तो अडवू शकत नाही. तरीही चार पदरी, बसगाड्यांच्या रस्त्यावर सिग्नलच हवा. तिथे एक गाडी थांबली तरी शेजारच्या लेनमधली थांबेलच असं नाही. फक्त हिरव्याची वेळ लहान मुलांच्या चालीने ठरवा आणि मध्ये थांबायला दुभाजकावर सुरक्षित जागा ठेवा.