आतड्यासाठी काय चांगलं, उसळ की ताक?

अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ निरोगी माणसांवर १० आठवडे प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. एका गटाने कडधान्यं, भाज्या, फळं असं तंतुमय खाणं वाढवलं. दुसऱ्याने दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (कोरियन पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्या) असं आंबवलेलं. माझा कौल उसळीला होता. पण आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली ती आंबवलेलं खाणाऱ्यांची, शिवाय त्यांच्या रक्तातली दाहाशी (शरीरातल्या सुजेशी) संबंधित १९ प्रथिनं घटली. तंतूवाल्यांत असं सरसकट झालं नाही; बहुधा तंतू पचवणारे जीवाणूच कमी पडले. तरी उसळ सोडू नका. तंतूंपासूनच जीवाणू ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर चालतात. ताकात जिवंत जीवाणू असतात. इडलीतले मात्र वाफेवरच संपतात!