चर्चबाहेरच्यांसाठीचा ऑनलाइन वर्ग: जरूर करा, पण माझी एक तक्रार आहे

ख्रिस्ती नसलेल्यांना, किंवा चर्च सोडून गेलेल्यांना, मोकळेपणाने प्रश्न विचारता यावेत म्हणून काही मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, ऑनलाइन वर्ग चालवतात. आधी छोटं व्याख्यान, मग गटचर्चा, शेवटी ज्याला हवी त्याच्यासाठी प्रार्थना. असाच एक वर्ग मी नुकताच पूर्ण केला. मी ख्रिस्ती नाही आणि पुढे होईन असंही वाटत नाही. काम लेखापरीक्षणाचं. लोक तोंडाने काय सांगतात आणि कागदावर काय असतं, हे ताडून पाहण्यात माझा दिवस जातो. म्हणून ‘ख्रिस्ती लोक ढोंगी का वाटतात?’ हे सत्र यादीत दिसल्यावरच मी नाव नोंदवलं. हा अभिप्राय मुख्यतः त्या सत्राबद्दल आहे. बाकीची सत्रं ठीक होती, एवढंच सांगते.

सुरुवातच आकड्याने झाली. बार्ना ग्रुप या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २००७ मधल्या पाहणीत, तिथल्या १६ ते २९ वयाच्या ख्रिस्ती नसलेल्या तरुणांपैकी ८५ टक्क्यांनी ख्रिस्ती लोकांना ढोंगी म्हटलं होतं. वक्त्याने या आकड्याशी वाद घातला नाही, माध्यमांना दोष दिला नाही. तो सरळ बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाकडे गेला. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यहूदी रिवाजात अशी पंगत चालत नसे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि पेत्र भिऊन मागे सरला. बाकीचे यहूदी त्याच्या मागोमाग गेले, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा गेला. मग पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं.

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मंडळीतल्या सर्वांत मोठ्या माणसाविरुद्धचा आक्षेप, तोही ढोंगाचाच, त्यांनी स्वतःच्या पवित्र ग्रंथात ठेवला, गाळला नाही. माझ्या व्यवसायात असं दप्तर फार क्वचित हाताला लागतं. मत्तयाच्या २३ व्या अध्यायात येशूने शास्त्री आणि परूशी या यहूदी धर्मपुढाऱ्यांना चुना लावलेल्या कबरांची उपमा दिली आहे, ती बहुतेकांनी ऐकलेली असते. ते बोल दुसऱ्यांना लावता येतात. अंत्युखियाचा प्रसंग मात्र घरातला आहे.

व्याख्यानाचा दुसरा भाग रवी झकरायस या ख्रिस्ती वक्त्यावर होता. ते निवडणं धाडसाचं होतं, कारण बाहेरच्यांच्या शंकांना उत्तरं देणं हेच त्यांचं जगभरातलं काम होतं आणि अशा वर्गांच्या वक्त्यांवर त्यांची मोठी छाप आहे. त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप करणारी बाई आणि तिचा नवरा, अशा कॅनडातल्या एका दाम्पत्याबरोबरचं प्रकरण २०१७ मध्ये गुप्ततेच्या करारावर मिटवण्यात आलं. झकरायस यांची संस्था त्यांच्याच बाजूने उभी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले. संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला आणि अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण झाल्याचं त्यातून उघड झालं. मग संस्थेने माफी मागितली. वक्ता म्हणाला, “खरं बोलणाऱ्या बाईला आम्ही खोटी ठरवलं.” ‘त्यांनी’ म्हणाला नाही, ‘आम्ही’ म्हणाला. त्या एका शब्दामुळे मी पुढचं सगळं लक्ष देऊन ऐकलं.

गटचर्चा हा या वर्गाचा खरा जीव. आमच्या गटाचे संचालक एक वयस्कर काका होते. कुणी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, की त्यांच्या मंडळीत एका पाळकाविरुद्धची (पाद्र्याविरुद्धची) तक्रार समितीने दाबली होती, ते समितीवर होते आणि त्या ठरावावर त्यांचीही सही आहे. आवाज कापत होता, पण सबब एकही सांगितली नाही. त्यानंतर गटातले प्रश्नच बदलले. तोवर सगळे टोमण्यासारखे प्रश्न विचारत होते. आता लोक स्वतःवर गुदरलेलं बोलू लागले.

याउलट, व्याख्यानानंतरच्या खुल्या प्रश्नांमध्ये एक तरुण संचालक प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होता: “माणसांकडे पाहू नका, येशूकडे पाहा.” हे उत्तर मी ख्रिस्ती मित्रमैत्रिणींकडूनही ऐकत आले आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही. याच वर्गात वाचायला दिलेल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १३ व्या अध्यायात, येशू शिष्यांना सांगतो, की तुमची एकमेकांवर प्रीती असली म्हणजे तुम्ही माझे शिष्य आहात हे सर्व ओळखतील. म्हणजे बाहेरच्यांनी कशावरून पारख करायची, हे त्यानेच ठरवून दिलं आहे. आमच्यासारख्यांना पारखायचा अधिकार गुरूने दिला असेल, तर शिष्यांनी तो काढून घेऊ नये. शिवाय येशूकडे पाहायचं तर आम्ही पाहणार कुठून? आमच्यासमोर शेजारचं कुटुंब असतं, कार्यालयातला सहकारी असतो, पाळक असतो.

आता तक्रार. त्याच खुल्या प्रश्नांत एका सहभागी बाईंनी आपला अनुभव सांगितला. मंडळीतल्या जबाबदार माणसाबद्दल बोलल्यावर “क्षमा करायला शीक” एवढंच त्यांना ऐकवलं गेलं होतं. त्यांनी विचारलं, “क्षमेची शिकवण नेहमी मलाच का, त्याला पश्चात्तापाची का नाही?” तरुण संचालकाने लगेच प्रार्थना सुरू केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. नंतर सर्वांना सत्राचं ध्वनिचित्रमुद्रण पाठवलं गेलं, त्यात हा भाग नव्हता. मी आयोजकांना लिहिलं. उत्तर आलं, विषय संवेदनशील होता म्हणून काढला. त्या बाईंना मी विचारलं, तर त्यांची काहीच हरकत नव्हती आणि भाग काढण्याआधी त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

मला याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या मोठ्या संघाने लैंगिक शोषणाच्या तक्रारी कशा हाताळल्या, यावरचा अहवाल मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पीडित लोक वर्षानुवर्षं आरोपींची नोंदवही ठेवा म्हणून मागणी करत होते. प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, म्हणून ते शक्य नाही, असं त्यांना सांगितलं जाई. त्याच काळात मुख्य कार्यालयातला एक कर्मचारी ७०० हून अधिक नावांची यादी स्वतःजवळ ठेवत होता. ख्रिस्ती माणूस पाप करतो याचं बाहेरच्याला नवल वाटत नाही. आपण पापी आहोत असं तो स्वतःच उपासनेत कबूल करतो. विश्वास उडतो तो ठाऊक असलेलं लपवल्यामुळे. याच विषयावरच्या सत्रातून तो प्रश्न कापणं मला म्हणूनच क्षुल्लक वाटत नाही.

तरीही हा वर्ग करा असंच मी सांगेन, विशेषतः चर्चने दुखावलेल्यांना, कारण चर्चमध्येही काकांसारखी माणसं आहेत, हे पाहायला मिळतं. नाव नोंदवताना आपल्या गटाचा संचालक कोण हे विचारून घ्या, आणि खुले प्रश्न ध्वनिचित्रमुद्रणात पूर्ण ठेवणार का, याचं उत्तर लेखी मागा. आयोजकांना मी तो भाग परत जोडायची विनंती केली आहे. तो जोडला गेला, तर इथे तसं लिहीन.