राजवाडा ते छत्र्या: सरांबरोबर पायी फेरी

इंदूरच्या राजवाड्यासमोर पोहे-जिलेबी सगळेच खातात. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, हे ही फेरी घडवणाऱ्या सरांनी मान वर करायला लावल्यावर नीट पाहिलं. सरांचं आधी अर्बन डिझाइन, मग आर्किटेक्चरची मास्तरकी. त्यामुळे सांगण्यापेक्षा विचारण्याची खोड! सराफ्याची गल्ली आम्हालाच पावलांनी मोजायला लावली. खरी रंगत स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसच्या गोष्टीत: होळकर दरबारासाठी १९१८ चा दोन खंडी अहवाल, जुनी वस्ती सरसकट पाडू नका, गरज असेल तेवढंच कापा हा त्याचा हट्ट, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचं अध्यापन. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, मात्र घाईत उरकल्या. माईक नाही, म्हणून पुढेच राहा. आईला नेणार असाल तर तिचे गुडघे आधी विचारा.