ऑल-टेरेन टायर आणि छोटा कंप्रेसर: एक हिवाळा आणि अल्पाइन लूप केल्यानंतर

आधीच सांगते: गाडी फक्त हायवेवर आणि ऑफिसला न्यायची असेल, तर ऑल-टेरेन टायर (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी बनवलेले जाड नक्षीचे टायर) घेऊ नका. आवाज वाढतो, पेट्रोल जास्त जातं आणि खड्ड्यातला दणका थेट कमरेत बसतो. पण कोलोरॅडोत राहून मुलाबाळांना घेऊन डोंगरातले कच्चे रस्ते करायचे असतील, तर गाडीवरचा पहिला खर्च हाच करा. लिफ्ट किट, लाइटबार, टपावरचं कॅरिअर हे सगळं नंतर. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला टायरच्या या प्रकाराबद्दल लिहायचंय.

आमचे टायर लोड रेंज ई चे आहेत, म्हणजे बाजूची भिंत जाड. खाणींच्या भागात ही भिंतच महत्त्वाची, कारण तिथला दगड फोडून काढलेला, धारदार असतो. रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसलेला खिळा काढून पंक्चर बुजवता येतं. साइडवॉल चिरली की टायर गेला. दुकानातून घेताना डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह बघून घेतलं होतं, ते बर्फात चालणाऱ्या टायरवर असतं. आय-70 हायवेवर मॉरिसन ते डॉट्सेरो या टप्प्यात सप्टेंबर ते मे तसले टायर किंवा साखळ्या सोबत लागतात, नाहीतर फोर-व्हील ड्राइव्ह, आणि ट्रेड (टायरवरच्या नक्षीची खोली) किमान 3/16 इंच. ताज्या बर्फात टायरने हिवाळाभर चांगली साथ दिली. गोठलेल्या गुळगुळीत बर्फावर मात्र खास हिवाळी टायरची सर त्यांना नाही, तिथे वेग कमी ठेवणं हाच उपाय.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. सॅन वॉन पर्वतातला अल्पाइन लूप म्हणजे सिल्व्हरटन, लेक सिटी आणि युरे या गावांना जोडणारा साधारण 65 मैलांचा खाणवाल्यांचा जुना रस्ता. सिनॅमन पास (पास म्हणजे खिंड) 12,600 फुटांच्या वर, एंजिनियर पास 12,800 फूट. आमचं डेन्व्हर जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे, तिथून हे दुपटीहून वर. मागच्या सीटवर दोन मुलं आणि पुण्याहून आलेली आई, म्हणून युरेकडून न चढता सिल्व्हरटनकडून गेलो. युरेच्या बाजूचे सुरुवातीचे मैल फारच खडकाळ आहेत.

डांबर संपलं तिथे थांबून चारही टायरची हवा 38 वरून 22 पीएसआयवर (हवेचा दाब मोजायचं एकक) आणली. हे काम मुलीला दिलं होतं: व्हॉल्व्हचं टोपण खिशात, गेज हातात, आणि टायर जमिनीला टेकतो तिथे फुगताना दिसला की ओरडून सांगायचं. हवा कमी केली की टायर दगडावरून उडत नाही, दगडाला बिलगून पुढे सरकतो. त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत, पाठीला बसणारे धक्के निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटले आणि आई चक्क डुलकी काढू लागली. या सगळ्या खरेदीतून मला हेच हवं होतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: वर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे घरी मोजलेलं प्रेशर पासवर दोन-तीन पीएसआय जास्त दिसतं. प्रेशर जागेवर जाऊनच ठरवा, आणि कमी हवेवर गाडी जोरात पळवू नका.

सिल्व्हरटनपासून 12 मैलांवर अ‍ॅनिमस फोर्क्स हे ओसाड गाव लागतं, उंची 11,200 फूट. 1883 मध्ये इथे साडेचारशेच्या आसपास लोक राहायचे. पुढच्याच वर्षी 23 दिवस चाललेल्या हिमवादळात 25 फूट बर्फ साचलं आणि लोकांना एका घरातून दुसऱ्यात जायला बर्फात बोगदे खोदावे लागले. 1879 मधलं डंकन यांचं घर अजून उभं आहे. त्याच्या पुढे आलेल्या तिकोनी खिडकीत उभं राहिलं की पूर्ण दरी दिसते. लाकूड उन्हाने करडं पडलंय, गाठींभोवती शिरा वर आल्यात, हात फिरवला तर जाणवतात. घरांत शिरून बघता येतं, याचं मुलांना फार अप्रूप.

हा इतिहास आपल्याशीही जोडलेला आहे. जून 1893 मध्ये भारत सरकारने टाकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घ्यायची खुली सोय बंद केली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींचं दार लागलं, चांदीचा भाव कोसळला आणि कोलोरॅडोतल्या चांदीच्या खाणी काही दिवसांत बंद पडू लागल्या. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनेही चांदीची खरेदी थांबवली. अ‍ॅनिमस फोर्क्सला पुढे सोन्याच्या आशेने थोडी धुगधुगी आली, 1904 मध्ये गोल्ड प्रिन्स मिल उभी राहिली, 1910 मध्ये तीही बंद. फोर्टच्या टाकसाळीसमोरून मी कितीदा गेलेय, पण या डोंगराशी तिचा काही संबंध असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

मुलांना एकच कडक नियम होता: खाणीच्या उघड्या बोगद्यात पाऊल टाकायचं नाही. आत कुजलेले खांब, उभे खड्डे आणि प्राणवायू नसलेली हवा असते. खाण आतून बघायची असेल तर सिल्व्हरटनजवळ ओल्ड हंड्रेड खाणीत छोट्या गाडीतून फिरवतात, तेच बरं. खाणींतून येणारं नारिंगी पाणीही हाताळू देऊ नका. त्यात लोखंडासोबत इतर धातू असतात.

उतारावर लो-रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हची हळू, जास्त जोराची सोय) पहिला गिअर टाकून गाडी इंजिनवर सोडा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. समोरून चढणारी गाडी आली तर तिला वाट द्यायची. कठडे नाहीत. दुपारी विजा कडाडायला लागतात, त्यामुळे बाराच्या आत पासवरून खाली या. मधे पेट्रोल पंप नाही, बराच वेळ फोनलाही रेंज नसते.

आता कंप्रेसरबद्दल, म्हणजे कमी केलेली हवा डांबरावर परतल्यावर पुन्हा भरायच्या छोट्या पंपाबद्दल. टायरइतकं कौतुक त्याचं करवत नाही. दोन टायर भरले की तो तापून बंद पडतो, मग पंधरा-वीस मिनिटं वाट बघा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा घेण्यापेक्षा थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या, जाड टायरना तोच पुरतो. आमचा आता मी तसाच बदलणार आहे.

ज्यांना वर्षातून एकदाच जायचंय त्यांनी टायरवर पैसे घालू नयेत. युरे, सिल्व्हरटन, लेक सिटी तिन्ही ठिकाणी जीप भाड्याने मिळतात. विमानतळावरच्या साध्या भाड्याच्या गाडीला मात्र करारातच असल्या रस्त्यांची मनाई असते, तो कागद नीट वाचा.