‘वॉटरप्रूफ लेदर’चे १३,९०० रुपये

पावसात बाईक चालवायला ‘अस्सल लेदर, शंभर टक्के वॉटरप्रूफ’ जॅकेट आहे असं कोणी सांगितलं, तर त्याच पावली मागे फिरा. पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानदाराने असलं जॅकेट मला १२,५०० रुपयांना गळ्यात मारलं, वर ‘पावसाळी कोटिंग’चे १,४०० घेतले. एकूण १३,९००. त्यातले ५,००० यूपीआयने आणि ८,९०० रोख, कारण ‘रोख द्या, जीएसटी वाचवतो’. हातात पडली कच्ची चिठ्ठी, त्यावर शिक्का: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

माल काय होता ते ताम्हिणीच्या वाटेवर कळलं. पौडपर्यंत भुरभुर होती, मुळशीच्या पुढे धो धो कोसळायला लागला. खांद्याच्या शिलाईतून पाणी थेट बनियनपर्यंत. थांबून पाहतो तर कोपराच्या घडीवरचा काळा थर पापुद्र्यासारखा सुटलेला, खाली राखाडी लगदा आणि त्याला चिकटलेलं जाळीदार कापड. शर्टाच्या बाह्या काळ्याकुट्ट. चामड्याचा चुरा चिकटवून वर प्लास्टिकचा थर चढवतात ते बॉन्डेड लेदर. ओल्या घाटात या जॅकेटच्या भरवशावर घसरलो असतो तर हाताची सालं निघाली असती. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

एक क्षण काही केल्या डोक्यातून जात नाही. दुकानदाराने बाटलीतलं पाणी जॅकेटच्या छातीवर ओतलं, थेंब ओघळून गेले. मग लेदर अस्सल आहे हे पटवायला लायटर टेकवून दाखवला. मी म्हटलं, “आता चेनवर आणि खांद्यावर ओता.” तो म्हणाला, “नको दादा, अस्तर खराब होईल.” वॉटरप्रूफ जॅकेटचं अस्तर पाण्याने खराब कसं होईल? तिथेच विचारायला हवं होतं! पण मागे दोन गिऱ्हाइकं उभी, हा दुसरा रंग काढून दाखवतोय, कॉलर नीट करतोय, तोंडाचा पट्टा चालूच. आणि मी काही डोळे झाकून घेतलं नव्हतं. वजन पाहिलं, वास घेतला. पण चुरा चामड्याचाच, मग वास येणारच. दोन सेकंदांच्या लायटरने काहीच सिद्ध होत नाही. अस्तराची शिवण उसवून कापलेली कड पाहिली तर समजतं: खऱ्या चामड्यात तंतू दिसतात, विणलेलं कापड नाही. ते करू देत नसेल तर घेऊ नका.

बरं, खरं लेदरसुद्धा वॉटरप्रूफ नसतं. मेण किंवा स्प्रे लावून थोडा वेळ निभावतं, पण तासाभराच्या पावसात शिलाई आणि चेन गळतातच. वरून साधा रेनसूट घाला. भिजलंच तर रुंद हँगरवर सावलीत वाळवा, हीटर किंवा हेअर ड्रायर लावू नका, चामडं कडक होऊन तडकतं.

दुकानदार म्हणाला, “तुम्ही उन्हात वाळवलं असेल.” जुलैत, पुण्यात, ऊन! चौकीत गेलो तर “हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.” एका सरकारी तक्रार कक्षात बाईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “हे बिलच नाही.” अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं हीसुद्धा, मग शिक्का काहीही म्हणो. पुढच्या टेबलावर: “लेदर नाही हे तुम्ही लॅबमधून सिद्ध करून आणा.” नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगाला (पूर्वीच्या ग्राहक मंचाला) दिलाय, हे मी, गिऱ्हाइकाने, त्यांना सांगायचं? साहेब जेवायला गेलेत, सोमवारी या, झेरॉक्स आणा, मूळ प्रत आणा. चोर मोकळा आणि फेऱ्या मी मारायच्या.

शेवटी जिल्हा आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं, वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक लिहून घ्या. रोख देऊ नका. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पक्क्या बिलावर लिहून मागा, लिहीत नसेल तर उत्तर मिळालं. आणि फसलाच असाल तर रागाच्या भरात जॅकेट फेकू नका: सुटलेले पापुद्रे पिशवीत, चिठ्ठीचा फोटो, यूपीआयची नोंद, सगळं जपून ठेवा.